रॅलीला गेल्यावर रात्र कुठे काढायची : तंबूत की हॉटेलात?

गेल्या वेळी आपण लांबच्या प्रवासात सामान कसं बांधायचं हे पाहिलं. तेव्हा प्रश्नोत्तरांत एकच प्रश्न चार जणांनी चार तऱ्हेने विचारला होता, म्हणून आजचं व्याख्यान त्यालाच दिलं आहे. मोटारसायकलच्या मेळाव्याला जायचं, दोन-तीन रात्री राहायचं, तर तंबू न्यावा की हॉटेल गाठावं?

आम्ही पुण्याचा सहा-सात जणांचा गट. आमचा अनुभव मुख्यतः गोव्याचा, त्यातही वागातोरचा. २०१३ पासून 'इंडिया बाइक वीक' बहुतेक वर्षं तिथेच भरत आला. मध्ये २०२१ साली तो लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीत झाला. रॉयल एनफिल्डचा 'रायडर मेनिया'ही वागातोरलाच, त्याचं नाव २०२३ मध्ये 'मोटोव्हर्स' झालं. तेव्हा आज जे सांगू ते वागातोरच्या मातीवर उभं राहून सांगतोय. तुम्ही लडाखला किंवा आणखी कुठे निघाला असाल तर त्यातलं तत्त्व घ्या, आकडे घेऊ नका.

मेळाव्याला जाऊन तंबूत राहणं ही काही गरिबीतून आलेली पळवाट नाही. या मेळाव्यांचा जन्मच तंबूत झालाय. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात स्टर्जिस नावाचं गाव आहे, वस्ती सात हजारांच्या आसपास. १९३८ साली तिथल्या 'जॅकपाइन जिप्सीज' या क्लबने शर्यत भरवली, पुढाकार 'पॅपी' होएल नावाच्या मोटारसायकल विक्रेत्याचा. सुरुवातीच्या वर्षांत आलेली माणसं या होएल दांपत्याच्या घरामागच्या अंगणात तंबू ठोकून राहायची. आज त्याच गावात ऑगस्टमधल्या दहा दिवसांत लाखोंनी माणसं येतात. सात हजारांच्या गावात लाखो माणसं! हॉटेलं पुरणार कुठून? गावकरी स्वतःची घरं भाड्याने देऊन पाहुण्यांकडे जातात. मधल्या काळात लोक गावच्या बागेत तंबू ठोकायचे, पण दंगा इतका वाढला की १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला मुक्काम बंद झाला, आणि गावाबाहेरच्या माळरानावर तंबूंची खाजगी मैदानं उभी राहिली. त्यातलं 'बफेलो चिप' हे मैदान आता स्वतःच एक मेळावा होऊन बसलं आहे.

जर्मनीत याहून गंमत. तिथे 'एलेफांटेनट्रेफेन' म्हणजे हत्तींचा मेळावा भरतो, आणि तो भरतो ऐन थंडीत, बर्फात. १९५६ साली श्टुटगार्टजवळ सुरू झाला. झ्युंडाप कंपनीच्या एका दणकट हिरव्या गाडीला लोक 'हिरवा हत्ती' म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. १९८९ पासून तो बव्हेरियाच्या जंगलात एका दरीत भरतो. पारा शून्याखाली, आणि माणसं तंबूत. तिथे तंबूखाली अंथरायला पेंढा विकत मिळतो. हा पेंढा लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

आणि आपल्याकडे बघायचं तर वारीत हा प्रश्न कधीच सोडवून झालाय. दिंडीचा ट्रक पुढे जातो, राहुट्या उभ्या राहतात, ज्याला तंबू सोसत नाही तो गावातल्या शाळेत नाहीतर कुणाच्या ओसरीवर पथारी टाकतो. कोण वारकरी खरा आणि कोण खोटा, असा वाद तिथे कुणी घालत नाही. आमच्या रायडर मंडळींत मात्र हॉटेलात राहणाऱ्याला 'तू कसला रायडर' म्हणायची पद्धत आहे. ती आम्हाला पटत नाही, का ते पुढे येईलच.

आधी पैशांचं बोलून टाकू, कारण निम्मी माणसं तंबूकडे वळतात ती पैसे वाचतील म्हणून. आमच्या वहीतला हिशोब सांगतो. दोघांत एक खोली, रात्रीला साडेचार हजार, तीन रात्रींचे साडेतेरा हजार, म्हणजे माणशी ६,७५० रुपये. तंबूचं म्हणाल तर तंबू सहा हजारांचा, झोपायची स्लीपिंग बॅग दोन हजारांची, मॅट बाराशेची, आणि जागेचं भाडं रात्रीला आठशे. पहिल्या वर्षी माणशी ११,६०० गेले. दुसऱ्या वर्षी फक्त जागेचे २,४००. दोन वर्षांची बेरीज केली तर तंबू १४,०००, हॉटेल १३,५००. म्हणजे दोन वर्षं सलग जाऊनही तंबू जेमतेम बरोबरीला आला. फायदा तिसऱ्या वर्षापासून. तुम्ही एकदाच जाणार असाल तर तंबू विकत घेणं हे पैसे वाचवणं नव्हे. कुणाचा तरी उसना आणा, किंवा मेळाव्याच्या ठिकाणी उभारलेला तंबू भाड्याने मिळत असेल तर तो घ्या. आमच्या आठ तंबूंपैकी तीन आज माळ्यावर पडून आहेत. एकाला उंदरांनी खाल्लंय.

आता जमिनीकडे येऊ. वागातोर म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. वर इंच-दोन इंच तांबडी माती, खाली थेट दगड. तंबूबरोबर ज्या बारीक खुंट्या येतात त्या तिथे जातच नाहीत, वाकतात. पहिल्या वर्षी आम्ही अर्धा तास दगडाने खुंट्या ठोकत होतो. शेजारच्या तंबूतले एक कोल्हापूरकर काका आले, म्हणाले, "पोरांनो, खुंटीला नाही, धोंड्याला बांधा." तेव्हापासून तंबूच्या दोऱ्या आम्ही मोठ्या दगडांना बांधतो, किंवा पाण्याने भरलेल्या पाच लिटरच्या कॅनला. दोऱ्या चार-सहा हात जादा न्याव्या लागतात, एवढंच. तंबू घेताना आपल्या पायांवर उभा राहणारा, म्हणजे घुमटाच्या आकाराचा घ्या. जो फक्त खुंट्यांच्या ताणावर उभा राहतो तो सड्यावर काही कामाचा नाही.

गाडीचंही तेच. मऊ मातीत साइड स्टँड रात्रभरात रुतत जातो आणि पहाटे गाडी आडवी झालेली दिसते. स्टँडखाली चपटा दगड ठेवा. आणि गाडी तंबूच्या दिशेला कलती ठेवू नका. पडली तर तुमच्यावर पडेल.

नोव्हेंबरच्या शेवटी, डिसेंबरमध्ये तिथे दुपारी बत्तीस-तेहतीस अंश असतं, पहाटे वीस-एकवीस. म्हणजे थंडीची भीती नाही. मग स्लीपिंग बॅग कशाला घेतली, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, चुकलं आमचं. दोन हजार वाया गेले. आईची गोधडी नेली असती तरी भागलं असतं, आणि तिसऱ्या वर्षापासून आम्ही गोधडीच नेतो. पण खाली मॅट हवीच, आणि इथे तो पेंढा आठवा. झोपलेल्या माणसाच्या अंगातली ऊब हवेपेक्षा जमीन जास्त भराभर ओढून घेते. हवा ही उष्णतेची वाईट वाहक, ओला दगड त्यामानाने चांगला. पेंढ्यात काय असतं? काड्यांमध्ये अडकलेली हवा. मॅटमध्येही तेच, बुडबुड्यांत कोंडलेली हवा. बव्हेरियात ती जीव वाचवते, वागातोरला पाठ वाचवते. पाठ महत्त्वाची, कारण दुसऱ्या दिवशी त्याच पाठीने गाडी चालवायची असते.

गोव्यात खरा त्रास दवाचा आणि उन्हाचा. रात्री तंबूचं कापड बाहेरून दवाने भिजतं आणि आतून तुमच्या श्वासाने. दोन माणसं तोंड बंद केलेल्या तंबूत झोपली की सकाळी छतावरून थेंब गळायला लागतात, लोकांना वाटतं तंबू फुटका. फुटका नसतो, कोंदट असतो. वरची जाळी उघडी ठेवा. आणि ऊन! सूर्य सात वाजता तंबूवर आला की आठ वाजेपर्यंत आत थांबवत नाही. म्हणून जागा निवडताना समुद्राचं दृश्य बघू नका, तंबूच्या पूर्वेला झाड आहे का ते बघा. त्या एका झाडाने दीड तास जास्त झोप मिळते. तंबूत स्टोव्ह मात्र कधीही पेटवू नका, चहापुरतासुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि किनाऱ्यावर जाऊन चूल मांडायचा बेतही करू नका. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे, दंड होतो. हवं तिथे तंबू ठोकण्याचंही तसंच, जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय नाही.

आवाजाबद्दल लोक विचारतात. लाउडस्पीकरला कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा मनाई आहे, वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. पण तंबूच्या मैदानात झोपमोड करतो तो लाउडस्पीकर नव्हेच. रात्री अडीच वाजता कुणीतरी सायलेन्सर काढलेली गाडी चालू करून जागच्या जागी थ्रॉटल पिळत बसतो. त्यावर उपाय कानात घालायचे बोळे, वीस रुपयांचे. दुसरा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

आमच्या गटात दोघी जणी आहेत. त्यांचा प्रश्न पैशांचा नव्हता की झोपेचाही नव्हता. त्यातली एक म्हणाली, "मला फक्त आतून कडी लागणारा संडास दाखवा, मग मी कुठेही झोपते." त्या वर्षी मैदानावरच्या सहा फिरत्या संडासांपैकी दोनच कड्या लागत होत्या, आणि तिथे दिवा नव्हता. बाकी आम्ही सगळे तंबूची जलरोधकता वगैरे बोलत बसलो होतो. आता आम्ही जागेचे पैसे भरण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारतो : संडास किती आणि दिवा आहे का, प्यायचं पाणी कुठे, आणि रात्री पहारा कोण देतं. समोरचा माणूस उत्तर द्यायला अडखळला की हॉटेल बघतो.

इथपर्यंत ऐकून वाटेल की आम्ही तंबूच्या बाजूने बोलतोय, नाहीतर हॉटेलच्या. आता मुख्य गोष्ट सांगतो. ही आम्ही फार ठिकाणी सांगत नाही.

चौथ्या वर्षी आम्ही ठरवलं, तंबू पुरे. पण मेळाव्याच्या दिवसांत वागातोर, हणजूण, शिवोली या भागातले भाव चढलेले. म्हणून म्हापशाच्या पलीकडे एक स्वस्त लॉज घेतलं. मेळाव्यापासून साधारण चौदा किलोमीटर. स्वच्छ, पंखा, गरम पाणी, गाडी लावायला आवार. एकदम उत्तम. पहाटे चारला उठून पुण्याहून निघालो. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत साडेचारशे किलोमीटर संपवून दुपारी पोचलो. लॉजवर पिशव्या टाकल्या आणि तडक वागातोर. रात्री दीडला परत निघालो. आमच्यातला एक जण पीत नाही, कधीच नाही. तोच पुढे होता, कारण त्याच्यावर आमचा भरवसा. म्हापशाच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी दगडी कुंपण असलेलं एक वळण आहे, तिथे तो वळलाच नाही. ब्रेकचा दिवासुद्धा लागला नाही. सरळ गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं, तीन बरगड्या गेल्या. आज तो बरा आहे, पण गाडी चालवत नाही. आणि मला डोळा लागला होता का नव्हता हेही आठवत नाही, असं तो म्हणतो.

त्या रात्री आम्ही सगळे स्वतःला एकच सांगत होतो, की तो प्यायला नव्हता. मग हे झालं कसं?

१९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात डॉसन आणि रीड या दोन संशोधकांचा एक छोटा लेख आला. त्यांनी माणसांना एकदा जागं ठेवलं आणि एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात आणि डोळा यांचा मेळ किती राहतो ते मोजलं. सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरली. चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या घरात गेली. आता आपला कायदा बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. त्यावर गेलात तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आमचा मित्र पहाटे चारला उठलेला, रात्री दीडला साडेएकवीस तास जागा. थेंबभर न पिता तो त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे होता. फरक एवढाच की नाक्यावरच्या पोलिसाच्या यंत्रात फुंकला असता तर शून्य आलं असतं.

बाकी आम्हा प्यायलेल्यांचं काय, तेही सांगायला हवं. शरीर साधारणपणे तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम दारू काढून टाकतं, कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त. कॉफीने, आंघोळीने, लिंबूपाण्याने हा वेग वाढत नाही. रात्री एकला कुणी १२० वर असेल तर ३० वर यायला सहा तास. म्हणजे सकाळचे सात, तेही त्याने एकनंतर काही घेतलं नसेल तर. 'सकाळी नाश्ता करून निघू' म्हणणारा माणूस पुष्कळदा कायद्याने अजून प्यायलेलाच असतो. आणि पुढे आंबोलीचा घाट.

तर आम्ही हॉटेलकडे आता असं बघतो. मेळाव्याच्या फाटकापासून चालत पंधरा-वीस मिनिटांत असेल तर हॉटेल चांगलं, दुप्पट भाव असला तरी. त्यापलीकडे असेल तर रात्री गाडी काढायची नाही. टॅक्सीचे पैसे हॉटेलच्या भाड्यात आधीच धरायचे. ते धरले की ते 'स्वस्त' लॉज स्वस्त राहत नाही. आमच्या त्या चौदा किलोमीटरच्या लॉजला येण्याजाण्याची टॅक्सी धरली असती, तर रात्रीच्या दरात वागातोरची खोली परवडली असती. हा हिशोब आम्ही आधी केला नाही. जवळचं हॉटेल नसेल, किंवा परवडत नसेल, तर तंबू. तंबूचा सगळ्यात मोठा गुण तो उघड्यावर आहे किंवा त्यात मजा आहे हा नाही. तिथे परतायला किल्ली लावावी लागत नाही, हा आहे.

पण तंबूचा दोषही इथेच. तंबूत झोप कमी होते, कितीही झाड पूर्वेला असलं तरी. दोन रात्री चार-चार तास झोपून तिसऱ्या दिवशी साडेचारशे किलोमीटर घरी जायचं म्हणजे पुन्हा तीच गोष्ट, फक्त उजेडात. म्हणून गेली काही वर्षं आम्ही वेगळं करतो. पहिल्या रात्री तंबू, दुसऱ्या रात्री तंबू. मेळावा संपायच्या दिवशी दुपारी चारला, बक्षिसं वगैरे सोडून, निघतो. पेडणे, पत्रादेवी, बांदा करत उजेड असेतो सावंतवाडी गाठतो. पन्नासेक किलोमीटरच आहे. तिथे लॉज घेतो. मेळाव्याची गर्दी तिथे नसते, त्यामुळे भाव नेहमीचे. मासे खायचे, नऊला झोपायचं, सकाळी सातला ताजेतवाने होऊन घाट चढायचा. त्या दिवशी पिणाऱ्यांनी दुपारपासून काही घ्यायचं नाही, एवढा एकच नियम. तो मोडणाऱ्याची गाडी टेम्पोत घालून आणलीय आम्ही एकदा. टेम्पोचं भाडं त्यानेच दिलं.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय, की एकटं जाणाऱ्याने काय करावं. एकट्याला खोली दुप्पट महाग पडते आणि एकट्याच्या तंबूत सामान सांभाळायला कुणी नसतं. आमचं मत, पहिल्या वर्षी एकट्याने तंबू घेऊ नये. एखाद्या शहरी क्लबच्या तंबूंच्या घोळक्यात जागा मागा, शक्यतो मेळाव्याच्या आधी ओळख काढून. फार कमी लोक नाही म्हणतात. हेल्मेट आणि जाकीट तंबूत ठेवा, कागदपत्रं आणि किल्ली अंगावर, आणि गाडीला हँडल लॉकबरोबर डिस्क लॉक. डिस्क लॉक लावलाय हे आठवायला हँडलला लाल फडकं बांधा. आम्ही एकदा ते विसरून गाडी पुढे ढकलली आहे, डिस्क वाकली.

सभागृहाच्या मागच्या अंगणात आमचा एक तंबू उभा करून ठेवलाय. खाली फरशी आहे म्हणून दोऱ्या पाण्याच्या कॅनलाच बांधल्यात. आत जाऊन पडून बघा, दोघं दोघं करून. गोधडी धुतलेली आहे.